सही करू नका गावाले सांगू

पिपरटोला, ता. कुरखेडा
७ जानेवारी २०२४

चि. रोशनीस,
सप्रेम जयभीम. वि. वि. इथी आम्ही सारे मजेत. थंडीनं आईचा गुडघा जास्त दुखून राह्यला, पण बसून राहीन म्हणेल तर ती आई कशाची? सकाळीच लाखोळीची भाजी खुडाले धानाच्या बांधीत जाते. धान चुरून घरात आला. हत्ती यंदा नाल्याच्या पलीकडूनच फिरून गेले, आपलं नुकसान झालं नाई.

आता कामाचं. फोन न करता पत्र लिहून राह्यलो, त्याले कारण हाय. गावात रेंज येते ती पाण्याच्या टाकीजवळ, आन् टाकी भैयाजीच्या अंगणासमोर. तिथी उभं राहून भैयाजीबद्दल कसं बोलू?

आपल्या गावाले जंगलाचा सामूहिक हक्क भेटला त्याले मार्चात दहा वर्सं होतात. ग्रामसभा स्मरणिका काढून राह्यली. लिहाचं काम, गावातला जुना शिकलेला म्हणून, भैयाजीनं आपणहून अंगावर घेतलं, आन् छपाई चंद्रपूरले तुझ्याच प्रेसमध्ये हाय. चार दिवसांमागं दुकानात तो सांगत होता का पुस्तकात लहानूची एक जुनी चिठ्ठी येणार, २००१ ची, त्यानं गावाचा गैरसमज कायमचा मिटंल. मले पाहून चूप झाला. तवापासून मी दिसलो का रस्ता बदलते.

बाबांची कोणती चिठ्ठी? २००१ चा भादवा तुले आठवत असंल. बाबा वन समितीचे सचिव, जंगूकाका अध्यक्ष. ठेकेदाराले डोंगराकडचा बांबू तोडाचा होता, त्याले समितीची सही पायजे होती. बाबा मलेरियानं गडचिरोलीच्या दवाखान्यात पडले. ते परत येईपर्यंत कागदावर जंगूकाकाचा अंगठा लागला होता, आन् दिवाळीले डोंगर बोडका. बाबा म्हणत, जंगूनं दगा केला. जंगूकाका एका शब्दानं बोलले नाई, पण आपल्या अंगणात पाय ठेवला नाई. २०१८ ले बाबा गेले तवाही आले नाई. आन् गावात कुजबुज राह्यली ती राह्यलीच, का लहानूनंच दवाखान्यातून निरोप धाडला होता.

तवा चिठ्ठीचं पान तुझ्या हाती येईल तवा नीट पाह्य, आन् मले लिही. पाकीट वहिनीच्या नावानं धाड, माझ्या नावानं नको.

मायेत राहा, आन् वहिनीनं धाडलेले पोहे खाल्ले का ते कळव.
तुझा दादा,
राजदीप

चंद्रपूर
१५ जानेवारी २०२४

ति. दादास,
सविनय जयभीम. वि. वि. पोहे संपले. अर्धे प्रेसमधल्या बायकांनी खाल्ले, त्यामुळे वहिनीला सांग की चंद्रपुरात तिचं नाव झालंय.

पान एकतीस आज माझ्या टेबलावर आलं. भैयाजींनी टाइप करून दिलेला मजकूर जसाच्या तसा उतरवते:

“जंगूभाऊ जोहार. ताप अजून हाय. सही करू, नका गावाले सांगू. मी आठ दिवसांत येतो. – लहानू.”

खाली भैयाजींचं एक वाक्य आहे: ‘यावरून तत्कालीन निर्णय कोणाच्या सांगण्यावरून झाला, हे वाचकांनीच ठरवावे.’

मी तीनदा वाचलं. मग पेन्सिल घेऊन कोऱ्या कागदावर तेच शब्द स्वल्पविराम न देता लिहिले. सही करू नका गावाले सांगू. स्वल्पविराम ‘करू’च्या पुढे दिला तर बाबा म्हणतात, सही करून टाकू, गावाला सांगू नका. ‘नका’च्या पुढे दिला तर म्हणतात, सही करू नका, आपण गावाला सांगू. शब्द तेच, क्रम तोच. एवढ्याशा खुणेने माणूस चोर ठरतो नाही तर राखणदार.

अकरा वर्षं मी मुद्रितं तपासते आहे. लेखकाच्या मजकुरातली चूक मी दुरुस्त करते, पण अवतरणचिन्हांच्या आतल्या मजकुराला मी हात लावत नाही. तिथे दुसऱ्याचे शब्द असतात, आणि मूळ कागद पाहिल्याशिवाय त्यातली खूण हलवायची नाही, हा नियम मालकांचा नाही, माझा आहे. म्हणून मूळ चिठ्ठी पाहिजे. निदान तिची झेरॉक्स.

ही चिठ्ठी भैयाजींकडे बावीस वर्षं होती, आणि आपल्याला कोणी दाखवली नाही, हे मला खटकतं. आणि दादा, तुला खरंच माहीत नव्हती ना? राग मानू नकोस. विचारून ठेवलेलं बरं.

आईला इतक्यात काही सांगू नकोस.
रागावूनही आठवण ठेवणाऱ्या दादाची,
रोशनी

पिपरटोला
२४ जानेवारी २०२४

चि. रोशनीस,
सप्रेम जयभीम. वि. वि. तुझं पत्र भेटलं, पण पाकिटाची पट्टी उघडून पुन्हा चिकटवलेली दिसली. पोस्टमन टपाल दुकानात ठेवते, आन् भैयाजी दिवसभर दुकानातच बसते. मी काही बोललो नाई, पण ध्यानात ठेवलं.

मले माहीत नव्हती चिठ्ठी. बहीण असून तू मले असं विचारतेस, याचं वाईट वाटलं. बस, एवढंच लिहितो.

मी भैयाजीकडे गेलो. खुर्ची दिली, चहा दिला, आईची तब्येत विचारली. इतकं गोड तो माझ्याशी कधी बोलला नाई. चिठ्ठी मांगितली तर म्हणे, पेटीची चाबी सुनेजवळ हाय, सून माहेरी. दुसऱ्या दिवशी गेलो तर म्हणे, कागद कुरखेड्याले एका साहेबाले दाखवाले दिले. मी उठलोच नाई. बसलो दोन तास. शेवटी आतून फाईल आणली, मूळ कागद हातात धरून राह्यला, आन् माझ्यासंगं दुकानात येऊन झेरॉक्स काढून देल्ली.

या पत्रासंगं झेरॉक्स धाडून राह्यलो. तूच पाह्य. स्वल्पविराम ‘नका’च्या पुढंच हाय. भैयाजीनं टाइप करताना सरकवला. आता तरी शंका नको. तू तुझ्या पेनानं दुरुस्ती करून टाक आन् पान सोडून दे. पुस्तक छापून आल्यावर भैयाजी काय करंल?

आईले काही सांगितलं नाई. पण ती विचारते का एवढे पत्र कशाचे चालून राह्यले.
तब्येत सांभाळ, आन् माझ्यावर भरोसा ठेव.
राजदीप

चंद्रपूर
२ फेब्रुवारी २०२४

ति. दादास,
सविनय जयभीम. वि. वि. आधी पाकिटाचं. ते मीच उघडलं होतं. बंद केल्यावर आठवलं की पत्रावर तारीख टाकली नाही, म्हणून पट्टी सोडवली. एवढ्यात भैयाजींवर गुन्हा दाखल करू नकोस.

आता झेरॉक्सचं. बाबांची सारी अक्षरं फिकी आहेत, तापातल्या हाताची, ओळ खाली घसरलेली. आणि ‘नका’च्या पुढचा स्वल्पविराम मात्र काळाभोर, ठसठशीत, सरळ उभा. एकाच पेनने, एकाच हाताने हे झालेलं नाही.

मी आणखी एक केलं. बाबांची मला आलेली पत्रं, दहावीनंतर हॉस्टेलला होते तेव्हापासूनची, चौतीस आहेत. रविवारी सारी काढून बसले. चौतीस पत्रांत बाबांनी एकही स्वल्पविराम दिलेला नाही. पूर्णविराम कुठेकुठे आहे, तोही कागद संपला म्हणून दिल्यासारखा. हॉस्टेलवरून सुट्टीत आले की मी त्यांना म्हणायची की तुमचं पत्र वाचताना दम लागतो, ते हसायचे. ज्या माणसाने निवांत बसून लिहिलेल्या पत्रांत कधी स्वल्पविराम दिला नाही, त्याने एकशे तीन तापात बरोबर जागा पाहून एकच दिला?

दादा, खरं सांग. हा कोणी दिला?

एक चांगली गोष्टही सापडली. बाबा ‘नका’ नेहमी मागून लिहितात. येऊ नका, पाठवू नका, काळजी करू नका. अशी एकेचाळीस ठिकाणं मोजली. भैयाजींचं वाचन खरं मानलं तर ‘नका’ पुढे येतो, ‘नका गावाले सांगू’, आणि ते बाबांच्या वळणाचं नाही. पण २००९ च्या एका पत्रात ‘नका येऊ उन्हात’ असं आहे. एकच आहे. ते मी लपवू शकले असते. तुला सांगते आहे, कारण तूही मला सांगावंस.

आणि हेही कळत नाही की भैयाजी ही चिठ्ठी आत्ता का छापतायत. बावीस वर्षं गप्प बसलेला माणूस उगाच बोलत नाही.
उत्तराची वाट पाहते. माया कमी झालेली नाही, एवढं समज.
रोशनी

पिपरटोला
११ फेब्रुवारी २०२४

चि. रोशनीस,
सप्रेम जयभीम. वि. वि. मीच देल्ला. भैयाजीनं झेरॉक्स देल्ली तिच्यावर काहीच खूण नव्हती, ना पुढं ना मागं. घरी येऊन मी पेनानं स्वल्पविराम काढला, आन् कुरखेड्याले जाऊन त्याची पुन्हा झेरॉक्स काढली, म्हणजे शाई दिसू नये. तुझ्यासमोर पकडल्या जाईन हे मले समजाले पायजे होतं. कोरी झेरॉक्स या पत्रात ठेवली.

लाज वाटते. पण तूही ऐक. तू पत्रं मोजलीस, ‘नका’ मोजलेस, माह्या बाजूचं एक आन् भैयाजीच्या बाजूचं एक असं तराजूत ठेवलंस. मले तर रातदिवस एकच वाटे का तुले आतून बाबांवर भरोसाच नाई. गाव म्हणते ते तूही मानतेस का? हे मी तोंडावर विचारलं नसतं. कागदावर विचारून राह्यलो.

भैयाजी आत्ताच काऊन बोलला ते समजलं. ग्रामसभेतल्या पोरींनी माहितीच्या अधिकारात २००१ चा जुना ठराव काढला. त्यावर जंगूकाकाचा अंगठा हाय, आन् साक्षीदार म्हणून सही भैयाजीची. त्या ठरावानंतर दोन महिन्यांत तो ठेकेदाराचा मुनशी झाला होता, हे साऱ्यायले आठवते. आता लोक विचारतील, म्हणून मेलेल्या माणसाची चिठ्ठी पुढं केली.

पण खरी गोष्ट पुढंच हाय. तुझं पत्र मी खाटेवर विसरलो. तुझी वहिनी रंजीता ते वाचत होती, आन् आईनं तिले सांगितलं का मोठ्यानं वाच. मी बांधीतून आलो तर आई ओट्यावर बसलेली, पदर डोक्यावरून खाली आलेला. मले वाटलं, झालं, आता रडंल. ती रडली नाई. मले म्हणे, याच्यात वाचाचं काय हाय? मी होती ना तिथी.

मी तिचेच शब्द लिहितो. “त्याले बसता येत नव्हतं. पाठीले उशी मी लावली, पाटी मी धरली. लिहिता लिहिता तोंडानं बोलत होता. सही करू नका, म्हणून थांबला. पाणी मांगितलं. मी दोन घोट पाजले. मंग म्हणे, गावाले सांगू, आन् ते लिहिलं.”

रोशनी, आपण दोघं महिनाभर भिंग घेऊन कागद पाहत बसलो, आन् आईले विचारलं नाई, कारण तिले वाचता येत नाई. मी तिले म्हटलं, एवढे वर्सं सांगितलं काऊन नाई? ती म्हणे, मले कोणी सांगितलं का चिठ्ठीचा दुसरा अर्थ निघते? मले तर वाटे का जंगूनं चिठ्ठी ऐकूनही अंगठा देल्ला.
चूक झाली ती पोटात घाल.
राजदीप

चंद्रपूर
१८ फेब्रुवारी २०२४

ति. दादास,
सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र प्रेसमध्येच उघडलं, ते चुकलं. दोन घोट पाण्यापाशी आले आणि उठून मागच्या गोदामात जाऊन उभी राहिले. मालकांना वाटलं, मला कागदाच्या धुळीची ॲलर्जी झाली.

तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी आज देत नाही. देईन.

तू दिलेल्या स्वल्पविरामावरून मी रागावणार नाही, पण आता आपल्याला सावध राहायला हवं. आईवर माझा विश्वास आहे. पण गाव म्हणेल की बायको नवऱ्याच्या बाजूने बोलणारच, आणि भैयाजी ते सगळ्यांत आधी म्हणतील. आई सांगते ते बाबा काय बोलले ते. तिकडे जंगूकाकांना काय ऐकवलं गेलं, ते आपल्याला माहीत नाही. काकांना वाचता येत नव्हतं. म्हणजे कोणीतरी त्यांना ती चिठ्ठी वाचून दाखवली.

तू काकांकडे जा. आईला घेऊन जा. पण आईला आधी बोलू देऊ नकोस, आणि तूही चिठ्ठीत काय आहे ते सांगू नकोस. चिठ्ठीत काय होतं, असंही विचारू नकोस. एवढंच विचार की तुम्हाला ती कोणी वाचून दाखवली, आणि कशी वाचली. मग गप्प बस. तुझ्याच्याने गप्प बसवत नाही हे मला माहीत आहे, तरी बस.

काका तुला दारातून परत पाठवतील अशी मला भीती आहे. पाठवलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

पान एकतीस मी अडवून ठेवलं आहे. मालक कुरकुरतात, मशीन मोकळी पडली आहे म्हणतात. ५ मार्चपर्यंत मी थांबवू शकेन.
आईच्या गुडघ्याला जपून ने. चालवत नेऊ नकोस, मोटारसायकलवर बसव.
तुमची सगळ्यांची,
रोशनी

पिपरटोला
२७ फेब्रुवारी २०२४

चि. रोशनीस,
सप्रेम जयभीम. वि. वि. हे पत्र लांब होईल.

शुक्रवारी सकाळी आईले घेऊन जंगूकाकाच्या टोल्यावर गेलो. काका मोहाच्या झाडाखालचा पाचोळा झाडून राह्यले होते, फुलं पडाच्या आधी करतात तसं. आमाले पाहून खराटा थांबला. आईले पाहून त्यायनं मान खाली घातली. बुधरीकाकूनं खाट टाकली. बसा म्हणून काका बोलले नाई, जा म्हणूनही नाई.

मी तू सांगितलं तसंच विचारलं. चिठ्ठी कोणी वाचली, कशी वाचली. आन् गप्प बसलो. काकानं खराटा झाडाले टेकवला. मंग ते म्हणाले का भैयाजीनं वाचली. पह्यल्यांदा भैयाजी भरभर बोलून गेला, एका दमात. काकाले समजलं नाई, सही कराची का नाई कराची. त्यायनं पुन्हा वाच म्हटलं. तवा भैयाजी थांबून वाचला.

काका बोटानं हवेत टोचून दाखवत होते. “सही करू. इथी थांबला. मंग म्हणे, नका गावाले सांगू.”

आई खाटेवरून उठली. गुडघा धरून उभी राह्यली आन् तिनं तेच वाक्य म्हटलं, बाबा बोलले तसं, मधात पाणी पाजलं तेही सांगितलं. काकानं तिले दुसऱ्यांदा म्हणाले लावलं. ती दुसऱ्यांदा बोलली. मंग काका खाली मातीतच बसले. बुधरीकाकू गोंडीत काहीतरी विचारत होती.

मंग हळूहळू सांगितलं. काकाले वाटलं, लहानू शिकलेला, त्यानं काही विचार करूनच सांगितलं असंल. म्हणून अंगठा देल्ला आन् गावाले सांगितलं नाई. आठ दिवसांनी बाबा आले आन् चार लोकांसमोर म्हणाले का जंगूनं गाव विकलं. काकाले वाटलं, सांगणारा हाच, आन् आता मले पुढं करून स्वतः बाजूले झाला. गावाले सांगू नका म्हटलं होतं, म्हणून काकानं तवाही सांगितलं नाई. दगा देणाऱ्याचीही गोष्ट त्यायनं पाळली, बावीस वर्सं.

ते आईले म्हणाले, “बाई, त्यानं मले एकडाव विचारलं असतं.”

आई म्हणाली, “तुमीही त्याले विचारलं नाई.”

काका उठले आन् पायात चपला घातल्या.

त्याच दिवशी काका आमच्यासंगं भैयाजीकडे आले. मी तापलो होतो, पण बोलले काकाच. भैयाजी आधी म्हणाला का मी होतं तसं वाचलं. कागदावर खूण नव्हती, मी जिथी श्वास घेतला तिथी घेतला. लहानूनं खूण देल्ली असती तर हे झालं नसतं. खरं सांगतो, त्याचं हे बोलणं मले लागलं, कारण ते खोटं नाई. पण काका म्हणाले का पह्यल्यांदा वाचला तवा तू श्वास घेतला नाई. मी विचारल्यावर घेतला. मधात तू माह्याकडे पाह्यलं, ते मी विसरलो नाई.

भैयाजी चष्मा पुसत बसला. संध्याकाळी सुनेच्या हाती मूळ चिठ्ठी आपल्या घरी धाडून देल्ली, कोऱ्या पाकिटात. संगं एक ओळ: खालचं माझं वाक्य काढून टाकावं.

रविवारी ग्रामसभा झाली. काका उभे राह्यले आन् अंगठा माझाच हाय, तो कोणी पकडून लावला नाई, हे आधी बोलले. मंग सारं सांगितलं. आई बोलली. भैयाजी मागं बसला होता, उठून गेला नाई, एवढं त्याच्या बाजूनं लिहितो. पोरं म्हणाली का स्वल्पविराम बरोबर जागी टाकून चिठ्ठी छापा. काहीजण म्हणाले, चिठ्ठीच काढून टाका, जुनं उकरू नका. शेवटी ठरलं का चिठ्ठी छापाची, पण कशी ते लहानूची पोरगी ठरवंल, तिचं कामच ते हाय. मी काही बोललो नाई. यावेळी खरंच गप्प बसलो.

काल काका आपल्या घरी आले. आईनं लाखोळीची भाजी आन् भात वाढला. ते बाबांच्या फोटोसमोर उभे राह्यले, पण हात जोडले नाई. अजून राग हाय म्हणाले, आता कोणावर ते समजत नाई.

मूळ चिठ्ठी रजिस्टर टपालानं धाडून राह्यलो. माझ्यावर भरोसा नसंल तर शाई तपासून घे.
लेकरासारखी तुझी आठवण काढतो.
राजदीप

चंद्रपूर
६ मार्च २०२४

ति. दादास,
सविनय जयभीम. वि. वि. चिठ्ठी पोचली. शाई तपासली. तपासल्यावर तुझं शेवटचं वाक्य आठवून हसू आलं.

वहीचा अर्धा कागद आहे, घडीवर फाटलेला. ‘करू नका गावाले’ हे तीन शब्द सलग ओळीत आहेत, मध्ये कुठे जागा सुटलेली नाही. पाणी पिऊन झाल्यावर बाबांनी हात जिथे थांबला होता तिथूनच पुढे लिहिलं. खूण करायची असते हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. भैयाजींनी गैरफायदा घेतला, पण जागा बाबांनी मोकळी ठेवली होती. हे लिहिताना मला त्रास होतो आहे, तरी लिहिते.

पान एकतीस काल मशीनवर गेलं. मी स्वल्पविराम दिलेला नाही. तुला, आईला, पोरांना वाटत होतं की मी देईन. मूळ कागदावर तो नाही, म्हणून अवतरणात तो नाही. चिठ्ठीचा फोटो छापला आहे आणि त्याखाली बाबांचे शब्द, जसे आहेत तसे. त्याच्या खाली, अवतरणाच्या बाहेर, साध्या भाषेत लिहिलं आहे की ही चिठ्ठी लिहिताना त्यांच्या पत्नी कमलाबाई जवळ होत्या, त्यांनी लहानू कुठे थांबला ते ऐकलं. आणि ही चिठ्ठी भैयाजींनी जंगूभाऊंना वाचून दाखवली, ते कुठे थांबले ते जंगूभाऊंनी ऐकलं. दोघांचं सांगणं त्यांच्याच शब्दांत दिलं आहे. अंगठा माझाच आहे, हे काकांचं वाक्य सुरुवातीला ठेवलं. भैयाजींचं वाक्य काढलं. त्यांच्याविषयी मी एकही विशेषण वापरलेलं नाही. वाचणाऱ्याला त्याची गरज लागणार नाही.

आता तू विचारलं होतंस त्याचं उत्तर.

हो, मी मानत होते. दहावीत होते तेव्हा वर्गातल्या एका मुलीने मला सांगितलं की तुझ्या बाबांनीच डोंगर विकला. घरी आले तर बाबा अंगणात सायकलची चेन बसवत होते. मी दप्तरही खाली ठेवलं नाही. मी म्हटलं, तुम्हीच सही करायला सांगितलं होतं ना? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात काळे झाले होते ते राखेने घासून धुतले, आणि काही न बोलता बाहेर निघून गेले. मी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला आणि तो पक्का केला. नंतर त्यांनी मला चौतीस पत्रं लिहिली. मी त्यांना कितीतरी लिहिली. अभ्यास, पाऊस, पैसे पोचले, तब्येत, सगळं लिहिलं. हे पुन्हा कधी काढलं नाही. या महिन्यात मी त्यांचे ‘नका’ मोजत बसले होते तेव्हाही अर्धं मन आपलं जुनं मत खरं ठरतंय का, हेच पाहत होतं. म्हणून तुझा खोटा स्वल्पविराम मला इतक्या लवकर दिसला.

बाबांनी काकांना विचारलं नाही, काकांनी बाबांना विचारलं नाही, असं आई म्हणाली. मी तर विचारलं होतं, दादा. पण उत्तर आधी ठरवून विचारलं होतं, आणि त्यांना ते कळलं होतं.

सतरा तारखेला पुस्तकांचे गठ्ठे घेऊन सकाळच्या एसटीने निघते. कुरखेड्याला मोटारसायकल घेऊन ये, गठ्ठे जड आहेत. आधी काकांच्या टोल्यावर जाऊ. त्यांना पान एकतीस मी स्वतः वाचून दाखवणार आहे, आणि ते म्हणतील तितक्यांदा.

आईला माझा जयभीम. भेटीपर्यंत तुम्ही सगळ्यांनी मला आपलीच समजावं.
रोशनी